गोटीचा उजवा गाल

नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ हातात दिलं, तेव्हा बापाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "सिस्टर, हिचं तोंड पुसायचं राहिलंय."

कपाळाच्या उजव्या बाजूपासून पापणीवरून उतरत, सगळा गाल व्यापून वरच्या ओठाच्या कडेपर्यंत गडद लाल रंग होता. डावी बाजू कोरी. मधोमध पट्टी ठेवून अर्धाच चेहरा रंगवावा तसं दिसत होतं.

"पुसलंय हो," नर्स म्हणाली. "जन्मखूण आहे ती. डॉक्टर येतील, सांगतील."

त्याने तरी अंगठा ओला करून गालाच्या कडेवरून हलकेच फिरवलाच. दाबलं की जागा पांढरी पडत होती, बोट उचललं की रंग पुन्हा भरून येत होता. बाळ मात्र मुठी आवळून गाढ झोपलं होतं, गोल गरगरीत. आजीने तिथल्या तिथे तिचं नाव गोटी पाडलं आणि कागदावर काहीही लागलेलं असो, घरात ती गोटीच राहिली.

बाबाचं बाजारामागच्या गल्लीत केस कापायचं दुकान होतं. लोकांचे चेहरे हाच त्याचा धंदा. त्यातही लहान मुलांच्या बाबतीत त्याचा हातखंडा होता. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून तो मुलाला बसवायचा, एका हाताने डोकं असं धरायचा की धरलंय हे पोराला कळूही नये, आणि तोंडाने गप्पांचा पट्टा चालू. "तुझ्या केसांत हत्ती लपलाय बरं का. हलू नको, पळून जाईल." दुसरीकडे भोकाड पसरणारी पोरं इथे गुमान बसायची.

गोटीची आई शाळेत गणित शिकवायची. काय दिलंय आणि काय काढायचंय हे आधी बघायचं, रडायचं असेल तर ते नंतर, असा तिचा खाक्या. बाळ मान धरायला लागायच्या आतच ती त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरकडे गेली. सोबत बाबा आणि आजीही होते.

डॉक्टर बाई मध्यमवयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गोटीला खिडकीपाशी नेऊन उजेडात नीट पाहिलं. "कातडीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या जास्त रुंद झाल्यात," त्या म्हणाल्या. "म्हणून रंग लाल दिसतो. तुम्ही काही केल्याने झालेलं नाही, काही न केल्यानेही नाही."

"माझ्यामुळे झालंय," आजी म्हणाली. ती बाबाची आई. जन्मल्या दिवसापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होती. "माझ्या खांद्यावर असाच डाग आहे. दाखवू?"

डॉक्टरांनी तो पाहिला. "आजी, तुमचा डाग तुमच्यापाशीच आहे. हा वेगळा."

आजीचा चेहरा सैलावला, पण तिला थोडं लागलंही. "म्हणजे पोरीला माझ्याकडून काहीच आलं नाही?"

तेवढ्यात गोटीने अख्खा मजला हलेल असा सूर लावला. "आवाज आला असेल," डॉक्टर म्हणाल्या.

पण हसणं तेवढंच. खूण पापणीवर आणि कपाळावर होती, म्हणून आधी डोळ्याचा दाब आणि मेंदूची तपासणी करावी लागणार होती. अशा मुलांपैकी काहींना आत त्रास असतो. तपासण्या होऊन निकाल हाती येईपर्यंत घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. निकाल चांगला आला. डोळा दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं, एवढंच.

मग लेझरचा विषय निघाला. कातडी पातळ असताना, चेहरा लहान असताना सुरू केलं तर गुण जास्त येतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. इतक्या लहानपणी भूल द्यावी लागत नाही, काम पटकन आटपतं. पुष्कळदा करावं लागेल. "आणि एक आत्ताच सांगते," त्या म्हणाल्या, "पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. फिकट होईल. किती, ते तिची कातडी ठरवेल."

"दुखतं?" बाबाने विचारलं.

"दुखतं. रबर ताणून सोडल्यावर बसतं ना, तसं. पुन्हा पुन्हा."

घरी आल्यावर वाजलं. बाबा म्हणाला, "चेहरा तिचा आहे. मोठी झाली की तिलाच विचारू."

"ती सांगण्याइतकी मोठी होईल तेव्हा सोपी वेळ निघून गेलेली असेल," आई म्हणाली. "न विचारता करणं म्हणजे आपण ठरवणं, हे मान्य. पण न करणं म्हणजेही आपणच ठरवणं की."

ते त्याला पटलं. पण मन तयार होत नव्हतं.

त्याच्या दुकानात एक म्हातारे घड्याळजी दाढी करायला यायचे. त्यांच्या गालावर अशीच खूण होती. वयाप्रमाणे ती जांभळी-काळी झाली होती आणि तिच्यावर द्राक्षाच्या बियांएवढ्या गाठी उठल्या होत्या. त्यांची दाढी करणं जिकिरीचं काम. वस्तरा एखाद्या गाठीला नुसता टेकला तरी रक्त थांबता थांबायचं नाही. म्हणून तो गाठींच्या मधल्या जागा कात्रीने करायचा. इतकी वर्षं हे चाललेलं, पण त्या खुणेबद्दल दोघांत एक शब्द झालेला नव्हता. त्या आठवड्यात त्याने धीर केला.

"काका, एक विचारू? राग मानू नका. पोरीच्या गालावर आहे. तुमच्यासारखं."

घड्याळजींनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "मग?"

"लेझर करायचं म्हणतात. तान्ही आहे हो अजून. दुखणार. करावं का?"

साबणाचा फेस गालावर सुकायला लागला.

"माझं लग्न झालं, पोरं झाली, दुकान चाललं," ते म्हणाले. "या गालामुळे माझं आयुष्य फुकट गेलं असं कोणी म्हटलं तर मी त्याला दाराबाहेर काढीन. पण सकाळी उशीला रक्त लागलेलं असतं ना, ते मला नको होतं. ओठ जाड होऊन चहा सांडतो, ते नको होतं. माझ्या वेळी काही नव्हतंच, त्यामुळे करू की नको हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. तुला पडलाय, तर नशीबवान आहेस की बिचारा, ते मला सांगता येणार नाही." मग हनुवटी वर करून म्हणाले, "आता हात चालव, फेस वाळला."

त्या संध्याकाळी बाबा बायकोला म्हणाला, "जाऊ या. पण आत मी धरीन तिला. डोकी धरायची मला सवय आहे."

आईने मान डोलावली. खरं तर तिला हायसं वाटलं होतं. प्रश्न मांडणं तिला जमायचं, बाळ ओरडताना बघणं जमलं नसतं.

लेझरची खोली लहान होती आणि थंडगार. सगळ्यांनी रंगीत काचांचे चष्मे चढवले. गोटीला चादरीत घट्ट गुंडाळलं, डोळ्यांत बधिर करणारे थेंब टाकले आणि पापण्यांच्या आत छोट्या धातूच्या वाट्या बसवल्या. बाबाने दोन्ही तळवे तिच्या कानांशी टेकवून डोकं धरलं. आधी गार फवाऱ्याचा फुस्स आवाज, मग टक, आणि डोळे मिटले तरी जाणवेल असा उजेड. गोटी क्षणभर गप्प झाली. मग जी ओरडली, तशी ती याआधी कधी ओरडली नव्हती. फुस्स, टक. फुस्स, टक. भुवईचे केस जळाल्याचा वास आला. जिथे टक व्हायचं तिथे काळपट जांभळा गोल उठायचा आणि गोलाला गोल भिडत गाल भरत चालला होता. हत्तीची गोष्ट बाबाच्या ओठांवर आली आणि तिथेच राहिली. इथे ती सांगायची त्याला लाज वाटली.

फार वेळ लागला नाही. बाहेर आल्यावर आईने तिला छातीशी धरलं, दूध पाजलं, आणि गोटी हुंदके देत देत झोपी गेली. "कसं झालं?" आईने विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

पुढचे दहाएक दिवस गोटीचा चेहरा बघवत नव्हता. आधी नुसता लाल होता, आता मार खाल्ल्यासारखा काळानिळा. ऊन लागू द्यायचं नाही, खाजवू द्यायचं नाही, मलम लावत राहायचं. मग जांभळेपणा ओसरला, आणि खाली खूण जशीच्या तशी. आजी चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, "कडेला फिकट झालंय." कोणालाच ते दिसत नव्हतं, पण तिला कोणी खोडूनही काढत नव्हतं. पुढच्या दोन-तीन खेपांनंतर मात्र ते सगळ्यांना दिसायला लागलं. हनुवटीच्या बाजूने रंग तुटत होता, मधेमधे साधी कातडी डोकावत होती.

एकदा अशाच काळ्यानिळ्या दिवसांत आई गोटीला घेऊन भाजी घ्यायला गेली. लोक पाहायचे आणि नजर वळवायचे, त्याची तिला सवय झाली होती. त्या दिवशी एक अनोळखी बाई तिच्या मागोमाग दोन गल्ल्या आली आणि कोपऱ्यावर गाठून हळूच म्हणाली, "घरी कोणी मारतं का गं? बाळाला? तुला? माझं घर इथेच आहे. सांग, घाबरू नको."

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. मारतं? कोण मारतं? फाडफाड बोलायला तिने तोंड उघडलं आणि त्या बाईच्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. पिशवीचे बंद तिने बोटांभोवती करकचून आवळले होते. ती स्वतःच घाबरली होती, तरी आली होती.

"नाही हो ताई," आई म्हणाली. "दवाखान्यात उपचार चालू आहेत. जन्मखुणेवर." आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं, कारण ती म्हणाली, "विचारलंत, बरं केलंत."

घरी येऊन तिने हे सांगितलं. बाबा हात धुवायला म्हणून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

गोटी रांगायला लागली, भिंतीला धरून उभी राहायला लागली, आणि त्याच सुमारास बाबाच्या लक्षात एक गोष्ट आली. तो दुकानातून आला की ती हसायची, झेपावायची, कडेवर यायची. पण त्याने तिचा चेहरा ओंजळीत घ्यायला हात पुढे केले की मान आक्रसून घ्यायची. डोळे घट्ट मिटायची. एकदा तर टोपी घालायला त्याने नुसते हात नेले, तर ती किंचाळली. आजीने घातली, तेव्हा निमूट घालून घेतली.

त्याने कोणाला सांगितलं नाही. पण दुकानात त्याचा हात अडखळायला लागला. फळीवर बसलेल्या एका पोराचं डोकं त्याने नेहमीसारखं धरलं, पोरगं जरासं कुरकुरलं, तसा त्याने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. कात्री गळून पडली. पोराची आई म्हणाली, "काय हो, आज बरं नाही का?" तेव्हापासून लहान मुलं आली की तो गडबडीत असल्याचं दाखवायचा. खुर्ची रिकामी दिसत असतानाही.

पुढच्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "मला नाही जमणार उद्या."

"काय नाही जमणार?"

"धरायला. तिला माझे हात नकोसे झालेत. तुझ्या लक्षात आलं नाही?"

आईच्या लक्षात आलं होतं. आपल्याला भास होतोय अशी तिने स्वतःची समजूत घातली होती, कारण ते खरं मानलं तर पुढची पायरी तिलाच चढावी लागणार होती. ती थोडा वेळ ताटं गोळा करत राहिली. "मी धरते उद्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गोटीला घेऊन खोलीत शिरली. गोटी आता मोठी होती, अंगात ताकद होती. नर्सने पाय धरले, आईने डोकं. पहिला टक झाला आणि गोटीने डोळ्यांवर वाट्या असतानाही मान आईच्या आवाजाकडे वळवायचा प्रयत्न केला. तिला वाटत होतं, आई आहे म्हणजे आता ही सोडवेल. आईने तिला आणखी घट्ट धरलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बाहेर बाकावर बाबा बसला होता. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि तिने गोटी त्याच्याकडे दिली. गोटीने त्याच्या गळ्याला मिठी मारली, सदऱ्यात तोंड खुपसलं. जन्मात पहिल्यांदा ती त्या खोलीतून बाबाकडे आली होती. आई शेजारी बसली. तिचे हात अजून तसेच, काहीतरी धरल्यासारखे वळलेले होते.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"काय सांगायचं?"

"हेच. आत काय होतं ते."

"सांगितलं असतं तर तू पुन्हा पाठवलं असतंस तिला?"

तिने विचार केला. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "पाठवलं असतं. पण तुम्हाला एकट्याला नसतं पाठवलं."

त्यानंतर त्यांनी पाळ्या लावल्या. एकाने आत धरायचं, दुसऱ्याने दारापाशी घ्यायचं. असं झाल्याने गोटी दोघांनाही घाबरायला लागेल, अशी आजीला धास्ती होती. तसं झालं नाही. का झालं नाही हे सांगता येत नाही. कदाचित दारापाशी कोणीतरी असतं हे तिला कळलं असावं, किंवा ती नुसतीच मोठी होत होती. बोलायला लागल्यावर तिने एक खेळ काढला. सुट्टीच्या दिवशी बाबा आडवा झाला की त्याच्या छातीवर बसायचं, दोन्ही हातांनी त्याचं डोकं दाबायचं आणि दरडावायचं, "हलू नको! झालं, झालं, हलू नको!" मग गालावर बोट टेकवत, "टक! टक!" बाबा आधी पांढराफटक पडला. मग तो ओरडायला लागला, हातपाय झाडायला लागला, आणि गोटी हसून हसून लोळायला लागली. हा खेळ इतका चालला की शेजारच्यांनी एकदा दार वाजवून काय चाललंय विचारलं.

दुकानातली फळी पुन्हा खुर्चीवर चढली. आता मात्र तो मुलांना आधी विचारायचा, "डोकं धरू का रे?" नको म्हटलं तर थांबायचा. कटिंगला दुप्पट वेळ लागायचा आणि मागची गिऱ्हाइकं चुळबुळ करायची.

गोटी जाणती झाल्यावर जागेपणी करणं डॉक्टरांनी बंद केलं. पुढच्या खेपा भूल देऊन झाल्या, लांब लांब अंतराने. शाळेत जायच्या वयाला आली तेव्हा कपाळ जवळजवळ साफ होतं, पापणीवर फिकट गुलाबी झाक होती, गालाचा मधला भाग आणि ओठाची कड मात्र हट्टी निघाली. रडली, धावली, तापली की तेवढं लालबुंद व्हायचं.

डॉक्टर बाईंनी तिला पुन्हा खिडकीपाशी नेलं. जुने फोटो काढून शेजारी ठेवले. "गेल्या दोन खेपांत फारसा फरक पडलेला नाही," त्या म्हणाल्या. "अजून करता येईल. थोडं फिकट होईलही. थांबताही येईल. वयाबरोबर रंग परत थोडा गडद होऊ शकतो, तेव्हा पुन्हा बघू. डोळा मात्र दाखवत राहायचाच. घाई नाही. तुम्ही ठरवा."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. मग वाकून लेकीला विचारलं, "गोटी, गालाला अजून लेझर करायचं का?"

"झोपेचं औषध देणार?" गोटीने विचारलं.

"हो."

"मग सकाळी खायला नाही देणार."

"नाही देणार."

"मग नको," गोटी म्हणाली आणि टेबलावरचा पारदर्शक पेपरवेट डोळ्याला लावून डॉक्टरांकडे बघायला लागली.

डॉक्टरांना हसू आवरलं नाही. बाबाही हसला, पण लगेच थांबला. इतकी वर्षं तो म्हणत आला होता, तिलाच विचारू. विचारलं, आणि उत्तर आलं ते सकाळच्या खाण्यावरून.

"थांबू या," तो म्हणाला.

आईने लगेच हो म्हटलं नाही. ती तिच्या सवयीप्रमाणे दोन्ही बाजू मांडत असावी. मग तिनेही मान हलवली.

जिना उतरताना गोटी पुढे आजीचं बोट धरून उड्या मारत चालली होती. आई हळू आवाजात म्हणाली, "मोठी झाल्यावर म्हणाली, का थांबलात? तर?"

"तर सांगू, तूच नको म्हणालीस."

"एवढ्याशा पोरीवर ढकलायचं?"

"नाही, ते बरोबर नाही," तो म्हणाला. "मग सांगू, तेव्हा आम्हाला एवढंच कळलं. आणि का सुरू केलंत, असं विचारलं तरी तेच सांगू."

आईला ते उत्तर अपुरं वाटलं.

शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात शेजारी बसणाऱ्या मुलीने गोटीला विचारलं, तुझ्या गालाला काय झालंय. गोटीने सांगितलं की माझ्या गालात रक्ताच्या नळ्या जास्त आहेत, आधी अजून होत्या, डॉक्टरांनी टक टक करून कमी केल्या. त्या मुलीने ढोपरावरचा आपला व्रण दाखवला आणि विषय संपला. महिनाभराने एका मोठ्या मुलाने तिला चिडवलं, तेव्हा विषय इतक्या सहज संपला नाही. ती रडत घरी आली, गाल लालबुंद झालेला. आईने तिला मांडीवर घेतलं, बाबाने दुकान लवकर बंद केलं, आजीने त्या मुलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आपल्याला तो मुलगा का चिडवतो, हे गोटीने तिघांना विचारलं, आणि तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली. तिने तिन्ही ऐकून घेतली, नाक पुसलं आणि म्हणाली, "उद्या मी त्याला विचारते."

दुसऱ्या दिवशी तिने खरंच विचारलं. तो काय म्हणाला ते तिने घरी सांगितलं नाही.